निवडणी

सावळजच्या शेडमध्ये पट्टा सुरू होतो साडेआठला.
आम्ही अकराजणी, नाकाला रुमाल, ट्यूबलाईटखाली.
हिरवा बेदाणा एकीकडे, पिवळा एकीकडे,
काळा खाली, बारदानात.
बोटांना आता विचारावं लागत नाही.
रात्री परातीत पीठ मळतानाही ती
काहीतरी वेगळं काढत बसतात.

धुरीच्या खोलीत गंधक पेटवतात.
घसा धरतो, डोळ्यांतून पाणी.
पण दार उघडलं की
तोच माल सोन्यासारखा.
हणमा मुकादम म्हणतो, गिऱ्हाईक रंगाला पैसं देतं वैनी,
चव काय, घरी गेल्यावर कळती.

केतकी पोटात होती तेव्हा
मी सांगलीहून केशर आणलं होतं.
एका ग्रॅमला चार दिवसांची हजेरी.
रोज रात्री दुधात दोन काड्या, दिवस भरेपर्यंत.
ती जन्मली तेव्हा सासूबाईंनी
तिच्या कानाची पाळी उलटून पाहिली
आणि काही न बोलता चहा टाकायला गेल्या.
बारशाला आत्यानं नाव ठेवलं केतकी,
नावानं तरी उजळंल म्हणून.
मग डाळीचं पीठ, साय, लिंबाची फोड.
ती रडायची. मी चोळत राहायचे.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात आष्ट्याहून माणसं आली.
पोहे खाल्ले, परत मागून घेतले.
मुलाच्या आईनं तिचा हात हातात घेतला,
माया वाटावी असा,
आणि हळूच मनगट उलटं केलं
जिथं ऊन पोचत नाही तिथला रंग बघायला.
मुलगा तव्याच्या बुडासारखा.
त्याचं मनगट सरळच होतं, कपबशी धरून.

निरोप आला मध्यस्थाकडून:
पोरगी गुणाची हाय, बी.फार्मसी झालीया, पण.
पुढं काही नव्हतं. 'पण'वरच वाक्य संपलं.
शेजारची वत्सला म्हणाली, देवबी सावळाच की गं.
असेल.
त्याला कुणी बघायला आलं नव्हतं.

मग ती ट्यूब सापडली, तिच्या पर्समध्ये.
गालांची साल निघालेली,
खालची कातडी लाल, उन्हाला भिणारी.
औषधांचंच शिकलेली पोर,
आत काय असतं ते तिला पाठ आहे.
मी विचारलं नाही.
माझ्या हातांना गंधकाचा वास येत होता.

मंगळवारी तासगावला गेलो, स्टँडसमोरच्या
झेरॉक्सवाल्याकडे, नवा बायोडाटा करायला.
उंची, रक्तगट, रास.
वर्ण आला तसं पोरानं न विचारताच
'निमगोरा' टाकलं.
सगळ्यांचं तेच टाकतो म्हणाला.
केतकी म्हणाली, खोडा.
सावळा करू?
काळा करा.
तो माझ्याकडं बघायला लागला.
बाहेर विट्याची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता,
आणि मी,
मी म्हणाले, अगं, निदान गव्हाळ.
तिनं त्याच्यापुढचा कीबोर्ड ओढून घेतला,
एकेक अक्षर शोधत स्वतः टाईप केलं.
ळ सापडायला वेळ लागला.

दहा प्रती. वीस रुपये.
अजून एकही फोन नाही.
ट्यूबही तिनं फेकलेली नाही.
मी रोज बघते,
बुधवारपासून टोपण उघडलेलं नाही, एवढंच.

आज दुपारी पट्ट्यावर
एक काळा मणी आला.
माझ्या बोटांखालून गेला,
पुढच्या बाईसमोरून गेला,
तिच्या पुढच्या.
हणमा ओरडला, वैनी, झोपला का काय?

झोपले नव्हते.